नुस्तें म्हणजे नुसतं नव्हे

ताई,

मी मूळची सांगलीची. बँकेत आहे, आठ महिन्यांपूर्वी बदलीनं मडगावला आले. कोंकणी शिकायचीच असं ठरवून आल्या आल्या वही घातली. सुरुवातीला रोज रात्री वीस शब्द, विषयवार: एक दिवस फळं, एक दिवस रंग, एक दिवस अवयव. वहीत आता सातशेच्या वर शब्द आहेत. पण काउंटरसमोर माणूस उभा राहिला की तोंडातून मराठीच येतं आणि तोही लगेच मराठीवर नाहीतर हिंदीवर येतो. मध्यंतरी एक आजोबा म्हणाले, ‘खातें म्हजे बायलेच्या नांवार आसा.’ मी सरळ विचारलं, ‘बैलाच्या नावावर?’ अख्खी शाखा हसली. आजोबाही हसले. त्या दिवसापासून मी कोंकणीत तोंड उघडलेलं नाही. सहकारी म्हणतात, इथं सगळ्यांना मराठी कळतं, कशाला हा खटाटोप? माझी स्मरणशक्तीच कमी पडतेय का? शब्दसंग्रह वाढवायचा तरी कसा? आणि जाता जाता एक बारीक प्रश्न: वयस्कर माणसाला ‘यो’ (म्हणजे ‘ये’) म्हटलेलं चालतं का?

— एक वाचक, मडगाव

*

तुमचं पत्र वाचून मीही हसले, आधीच कबूल करते. पण त्या शाखेतल्या हसण्यातून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही. वहीतले सातशे शब्द काउंटरवर तोंडी येत नाहीत असं तुम्ही म्हणता. ‘बायल’ म्हणजे बायको हे मात्र तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्यासाठी वही लागली नाही, वीसची उजळणी लागली नाही. एकदाच ऐकलात, गरजेच्या वेळी, माणसाच्या तोंडून, आणि चुकलात. स्मरणशक्ती शाबूत आहे तुमची.

अडचण दुसरीच आहे आणि ती मराठी माणसाला हमखास येते. तुमच्या शाखेत कुणी केरळहून आलेला असेल तर त्याच्याकडे बघा. वर्षभरात तो तुमच्यापेक्षा बरी कोंकणी बोलेल. त्याला पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, म्हणून तो कान देऊन ऐकतो आणि अडखळत का होईना, बोलतो. तुम्हाला पहिल्या दिवसापासून अर्धंअधिक कळतं. उरलेलं अंदाजानं भरता येतं. आणि बोलायची वेळ आली की मराठी हाताशी असतेच. कळणं आणि येणं यांच्यात जी दरी आहे ती तुम्हाला दिसतच नाही, कारण तिच्यावर मराठीची फळी टाकलेली आहे. फळीवरून जाता येतं तोवर खाली उतरतो कोण?

तेव्हा वही आधी वेगळ्या नजरेनं उघडा. तुमच्या सातशे शब्दांतले निम्मे तरी तुम्ही फुकट लिहिलेत असं मी पैजेवर सांगते. फाट म्हणजे पाठ, फुडें म्हणजे पुढे, फातर म्हणजे पत्थर, भायर म्हणजे बाहेर, म्हस म्हणजे म्हैस, रांदप म्हणजे रांधणं. हे पाठ करायचे शब्द नव्हेत, हे कानाला वळण लावायचे शब्द. कोंकणीला शब्दाच्या सुरुवातीलाच ‘ह’चा श्वास सोडायची खोड आहे: व्हड, न्हंय, न्हीद, म्हारग. एकदा ती ओळखलीत की मोठं काय, नदी काय, झोप काय, महाग काय, आपोआप उलगडतं. असे शब्द वहीतून सरळ काट मारून काढून टाका. वही हलकी होईल आणि मनही.

मग राहतात ते फसवे. यांच्यावर मात्र जीव ओता, कारण मराठी माणसाची खरी परीक्षा इथं असते. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून आपण थांबत नाही, आणि तो भलतीकडेच घेऊन जातो. ‘हाड’ म्हणजे आण. ‘उदक हाड’ असं कुणी म्हटलं तर पाणी आणायचं असतं, हाडाचा काही संबंध नाही. ‘राव’ म्हणजे थांब. ‘मातशें राव गो’ म्हणणारी बाई तुम्हाला रावसाहेब करत नाही, जरा थांबायला सांगते. ‘पळय’ म्हणजे बघ. आमच्याकडे साताऱ्याहून पाहुणी आली होती. मांडवीच्या काठावर माझी मावशी तिला उत्साहानं ‘पळय, पळय’ म्हणत बोट दाखवत होती आणि ती बिचारी पर्स सावरून धावायच्या तयारीत! ‘जाय’ म्हणजे पाहिजे, ‘नाका’ म्हणजे नको, आणि ‘जाता’ म्हणजे होतं. जातो असं म्हणायला वेगळाच शब्द, ‘वता’. ‘तकली’ म्हणजे डोकं, केस असलेलंसुद्धा.

आणि नुस्तें. मडगावच्या मासळी बाजारात ‘नुस्तें जाय?’ असं कुणी विचारलं तर ‘नुसतं काय?’ असं विचारू नका. नुस्तें म्हणजे मासळी. गोव्यात ‘आयज नुस्तें ना’ हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर एकदा ऐकाच, घरात काहीतरी अशुभ घडलंय असं वाटेल.

यातलाही मला सगळ्यात आवडणारा फसवा शब्द म्हणजे भात. आपण मराठीत म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, म्हणजे शीत हा एक दाणा आणि भात ही अख्खी रास. इथं पानात जे वाढतात त्या सगळ्यालाच शीत म्हणतात. शीत-कडी हे आमचं रोजचं जेवण. शिजवायच्या आधी डब्यात असतात ते तांदूळ. आणि भात म्हणजे साळ, शेतात डोलणारी, तुसासकट. माझी एक वहिनी घाटावरची. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत ती वाढणाऱ्या काकीला म्हणाली, ‘थोडा भात घाला.’ काकी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, ‘भात शेतांत आसा गो, हांगा शीत.’ वहिनी आज तीस वर्षं फोंड्यात आहे, आणि अजून कुणी नवी सून आली की हीच गोष्ट तिला सांगते. भाताच्या गावी भाताला तीन नावं असायचीच. तुमच्या वहीत मात्र याची एकच ओळ असणार: ‘शीत = भात’. ती चूक नाही, पण तिच्यावरून तुम्हाला हे कळत नाही की इथला भात कुठे गेला. दोन भाषांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं की असं होतं. बरोबरचं चिन्ह टाकायचं थांबवा आणि शब्दाच्या जागी वाक्य लिहा. ‘दवरप = ठेवणे’ असं नको. ‘म्हाका पयशे दवरपाचे आसात’ असं, जसं गिऱ्हाईक म्हणतं तसं. शब्द एकटा लक्षात राहत नाही, संगतीनं राहतो. शिवाय वाक्य पाठ असलं की बोलताना जोडाजोड करावी लागत नाही.

तिसरा गट अगदी नव्या शब्दांचा, आणि तो तुम्हाला वाटतो त्याच्यापेक्षा लहान आहे. जनेल म्हणजे खिडकी, कदेल म्हणजे खुर्ची, लेंस म्हणजे रुमाल, कुलेर म्हणजे चमचा, हे पोर्तुगीजांचे अवशेष. त्यांना बिचकू नका. सांगलीत राहून तुम्ही पगार घेत होता, चावी फिरवत होता, लिलावाच्या नोटिसा काढत होता, ते सगळे शब्दही पोर्तुगीजच. काही शब्द तर नवे वाटतात पण आजीच्या देवघरातले असतात. उदक तुम्ही पूजेत ऐकलंयच. ‘हांव बिरेस्तारा येतां’ असं कुणी म्हणालं तर कॅलेंडर बघू नका. बृहस्पतिवार म्हणजे गुरुवार, तोच झिजून बिरेस्तार झाला.

आता तुमची विषयवार पद्धत. ती पुस्तकांतून येते, दिसायला नीटनेटकी असते आणि बऱ्याचदा घात करते. माझं सांगते. पन्नाशी उलटल्यावर मला पणजीत संध्याकाळी पोर्तुगीज शिकायची हुक्की आली. पहिल्या आठवड्यात वार शिकवले, सगळे एकदम. पोर्तुगीजमध्ये सोमवारला दुसरा म्हणतात, मंगळवारला तिसरा, बुधवारला चौथा, कारण त्यांची मोजणी रविवारपासून. मी आपली सोमवारपासून बोटं मोजणारी. परीक्षा ‘क्वार्त’ला, म्हणजे चौथ्या वारी, असं फळ्यावर लिहिलं होतं. मी छान अभ्यास करून गुरुवारी हजर. वर्गात झाडूवाली बाई एकटी होती. तिनंच मला सांगितलं की परीक्षा काल झाली. फी मात्र परत मिळाली नाही.

एकसारखे शब्द एकाच बैठकीत घेतले की ते एकमेकांत गुंततात. भाषाशिक्षणावर काम करणाऱ्यांनी 1990च्या दशकात हे प्रयोग करून तपासलं: एकाच गटातले शब्द एकत्र शिकणारे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द शिकणाऱ्यांपेक्षा मागे पडले. विरुद्धार्थी जोड्यांनाही हेच लागू. म्हारग म्हणजे महाग, सवाय म्हणजे स्वस्त, असं एकाच दिवशी लिहिलंत तर बाजारात नेमकं उलटं तोंडात येईल. आधी फक्त म्हारग. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, बघून ‘म्हारग!’ म्हणायची आठ-पंधरा दिवस सवय करा. मासेवाल्या बाईला ते ऐकायची सवय आहेच. सवाय नंतर कधीतरी बांगड्यांच्या दिवसांत आपोआप येईल.

उजळणीचंही सांगते, कारण वीस शब्द रोज म्हणजे आठवड्याला एकशे चाळीस आणि त्यातले परत बघितलेले किती, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बघितलेच नसणार. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. सर्वांत जास्त गळती पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसात होते; नंतर हळूहळू कमी. मुदत ठेवीच्या उलटं म्हणा. म्हणून नवीन शब्द उद्या एकदा, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं भेटायला हवा. हे डोक्यात ठेवायचं नाही, डब्यात ठेवायचं. सेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकारानं 1972 मध्ये पत्त्यांच्या (म्हणजे शब्द लिहिलेल्या कार्डांच्या) पेटीची युक्ती लोकप्रिय केली. मिठाईचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठा घालून पाच कप्पे करा. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आला की दुसऱ्यात, तो दोन दिवसांनी. असं पुढं पुढं. चुकला की कुठल्याही कप्प्यातून सरळ पहिल्यात, गयावया नाही. मोबाइलवर हेच करून देणारी ॲप आहेत, पण मला खोका बरा वाटतो, तो स्वयंपाकाच्या ओट्यावर राहतो.

यात एकच अट, आणि तुमच्यासाठी ती सगळ्यांत महत्त्वाची. पत्त्याच्या समोरच्या बाजूला मराठी लिहा, मागं कोंकणी. तुम्ही नक्की उलटं करत असणार. कोंकणी बघून मराठी सांगणं तुम्हाला झोपेतही जमेल; तेच तर कळणं. काउंटरवर लागतं ते मराठीतून कोंकणीत जाणं. तो रस्ता तुम्ही आठ महिन्यांत एकदाही चाललेला नाही. ‘जरा थांबा’ वाचायचं आणि मोठ्यानं ‘मातशें रावात’ म्हणायचं, मनातल्या मनात नाही. घरचे हसतील. हसू द्या.

आठवड्याला पत्ते सातच. आणि पहिले दोन-तीन आठवडे नामं अजिबात नकोत. माझं हे मत ऐकून लोक भांडतात, पण मी हटत नाही. नामाकडे बोट दाखवता येतं. चमच्याला चमचा म्हणालात तरी चमचाच मिळतो. ‘मागीर’कडे बोट दाखवून बघा! मागीर म्हणजे नंतर, पूण म्हणजे पण, जाल्यार म्हणजे तर, कित्याक म्हणजे का, केन्ना म्हणजे केव्हा, फाल्यां म्हणजे उद्या. हांव, म्हाका, आसा, ना, जाय, नाका. एवढ्यानं वाक्याचा सांगाडा उभा राहतो. मधलं नाम अडलं तर मराठी ठोका, कुणी दंड करत नाही. ‘हो फॉर्म फाल्यां जाय, आयज नाका’ यात फॉर्म इंग्रजी आहे, पण वाक्य कोंकणी आहे आणि समोरचा माणूस तुमच्याशी कोंकणीतच बोलायला लागेल.

लोक लगेच मराठीवर येतात याचं वाईट वाटून घेऊ नका. गोंयकार माणूस पाहुण्याची सोय आधी बघतो. त्याला तुम्हीच अडवायचं. तीन वाक्यं पाठ करा: ‘म्हजेकडेन कोंकणींत उलयात’ (माझ्याशी कोंकणीत बोला), ‘हाका कोंकणींत कितें म्हणटात?’ (याला कोंकणीत काय म्हणतात?) आणि ‘परतून सांगात’ (पुन्हा सांगा). ही वापरायला बँकेपेक्षा पोदेर, म्हणजे पाववाला, बरा. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येतो, तुमच्याकडे त्याच्यासाठी अर्धा मिनिट असतो, मागं रांग नसते, आणि विषय रोज तोच. ‘चार उंडे आनी दोन पोयो दी.’ (दोन्ही पावाचेच प्रकार.) महिनाभर हेच म्हणा आणि दर आठवड्याला एक शब्द वाढवा: ऊन आहेत का, काल का आला नाहीस, उद्या जास्त दे. एक माणूस, एक विषय, रोज. आजोबांसमोर अवसान गळालं ते असंच भरून येतं.

मडगावात आहात तर आणखी एक. साष्टीत, म्हणजे तुमच्या मडगावच्या तालुक्यात, पुष्कळ लोक कोंकणी रोमी लिपीत वाचतात-लिहितात. तियात्रांचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, फलक त्याच लिपीत असतात. तिथं इंग्रजी ‘एक्स’ अक्षर दिसलं की ‘श’ वाचा. एवढं कळलं तरी फलकावरचा निम्मा गोंधळ सुटतो. रवींद्र भवनात एखादा तियात्र बघून या. पहिल्या तासात काही कळणार नाही, मधली गाणी कळतील, दुसऱ्या तासात शेजारची बाई समजावून सांगेल. घरी कोंकणी बातम्या लावून ठेवा, पण त्यांची भाषा काउंटरवर येणाऱ्या कुणाच्याच तोंडी नसते, एवढं धरून चाला. तिथं ‘कितें’ म्हणतील, तुमचं गिऱ्हाईक ‘किदें’ म्हणेल.

‘कशाला खटाटोप’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल. मराठी कळतं हे खरंच आहे. माझंच घर बघा: बोलणं कोंकणीत, पेपर मराठी, आरत्या मराठी. पण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीला मराठी कळणं वेगळं आणि तिला स्वतःच्या पैशांची काळजी स्वतःच्या भाषेत बोलता येणं वेगळं. आणि एक वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका: ‘कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’ साहित्य अकादमीनं 1975 मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली (मराठीलाही त्याच कायद्यात कामकाजापुरती जागा मिळाली), 1992 मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. या वादावरून इथं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबलेत. त्यात मी पडणार नाही, तुम्हीही पडू नका. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनंही ते वाक्य वाईटच. बोलीच आहे असं मनात धरलंत की मराठीलाच थोडा अनुनासिक सूर लावून काम भागवाल, आणि बैल पुन्हा पुन्हा येत राहील.

तुमच्यापासून फार लांब नाही, रायतूरला 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ते लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडचे. 1579 मध्ये गोव्यात उतरले तेव्हा त्यांना या दोन्हींतली एकही भाषा येत नव्हती. पुराण त्यांनी मराठी ओव्यांत रचलं. आणि कोंकणीचं व्याकरण वेगळं लिहिलं, ते त्यांच्या पश्चात 1640 मध्ये रायतूरलाच छापलं. ज्या माणसाला दोन्ही परक्या होत्या त्यानं दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवल्या. आपल्याला एक जन्मापासून येते म्हणून दुसरीचा खणच आपण करत नाही.

राहिला ‘यो’. पोदेराच्या पोराला, शेजारच्या मुलाला, मैत्रिणीला ‘यो’ चालतं. काउंटरवर वयस्कर माणसाला नको. तिथं ‘यात, बसात’. घराघरांत मात्र आईलासुद्धा तूं म्हणतात, ते ऐकून दचकू नका. आणि ते आजोबा पुन्हा आले की पासबुक हातात घेता घेता विचारा, ‘बायल बरी आसा मू?’ बाकीची कोंकणी ते स्वतःच शिकवतील.